शरदातला सह्याद्री : भंडारदरा परिसरातील डोंगरवाटांची आखणी

भाद्रपद सरत आला की सह्याद्रीच्या माथ्यावरचे ढग विरळ होऊ लागतात आणि आश्विन-कार्तिक हे शरदाचे दोन महिने डोंगर पाहण्यासाठी खुले होतात, हे महाराष्ट्रातील भटक्यांना नव्याने सांगावे लागत नाही. मात्र या दोन महिन्यांचा प्रत्येक आठवडा वेगळा असतो, याकडे सहलीची आखणी करताना फारसे लक्ष दिले जात नाही. सप्टेंबरच्या अखेरीस जे पठार फुलांनी झाकलेले असते, तेथे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पिवळे पडू लागलेले गवत दिसते. ज्या घळीत ऑक्टोबरच्या आरंभी उतरणे धोक्याचे असते, तीच घळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणत्या वाटाड्याबरोबर पाहता येते. म्हणून शरदातील सहलीत आधी आठवडा ठरवावा आणि त्याला साजेल ते ठिकाण नंतर निवडावे, असा या लेखाचा आग्रह आहे. विवेचनासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे भंडारदरा, कळसूबाई, रतनगड, सांदण घळ आणि हरिश्चंद्रगड हा पट्टा निवडला आहे, कारण वयोवृद्धांना झेपेल अशा तलावाकाठच्या फेरफटक्यापासून सरावलेल्या गिर्यारोहकाचीही कसोटी पाहणाऱ्या वाटांपर्यंत सर्व प्रकार येथे जवळजवळ सापडतात.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत शरद म्हणजे पानांचे रंग बदलण्याचा आणि पानगळीचा ऋतू असतो, कारण तेथे दिवस लहान होऊ लागले आणि थंडी पडू लागली की झाडे पानांतील हरितद्रव्याची निर्मिती थांबवतात व आधी झाकले गेलेले पिवळे-नारिंगी रंग उघडे पडतात. परदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे किंवा तेथील छायाचित्रे पाहून निघालेले तरुण तशाच रंगांची अपेक्षा ठेवून दिवाळीच्या सुटीत सह्याद्रीत आले, तर त्यांना झाडे अजून हिरवीच दिसतील. येथील पानझडी वृक्षांची पाने पाण्याच्या तुटवड्यामुळे गळतात आणि तो तुटवडा हिवाळा संपता संपता जाणवू लागतो. सह्याद्रीच्या शरदाचा रंग गवतात आणि फुलांत शोधावा लागतो, आणि तो फार लवकर पालटतो.

ऋतूचे तीन टप्पे

पहिला टप्पा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा आहे. या दिवसांत पाऊस पूर्ण थांबलेला नसतो, परंतु सलग झड संपलेली असते, ओढे वाहते असतात आणि उघड्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरावर रानफुलांचा बहर असतो. पिवळ्या सोनकीने उतार भरून जातात, ओलसर जागी गुलाबी-जांभळा तेरडा फुलतो, आणि वर्ष अनुकूल असेल तर कारवी बहरलेली दिसते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप असून ते सात-आठ वर्षांतून एकदाच, पण एका परिसरात जवळजवळ एकाच वेळी फुलते व बी धरल्यावर वाळून जाते. तिच्या वाळक्या काठ्या विणून, त्यावर माती-शेणाचा लेप देऊन डोंगरातील घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहतात, त्यामुळे हे झुडूप स्थानिक संसाराचा भाग आहे. ज्यांना केवळ फुलेच पाहायची आहेत आणि चढाई करायची नाही, त्यांच्यासाठी सातारा शहराजवळचे कास पठार अधिक सोयीचे आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कासचा समावेश आहे, आणि तेथे बहराच्या काळात दररोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्यामुळे आगाऊ नोंदणी करूनच जावे.

दुसरा टप्पा ऑक्टोबरच्या मध्याचा असून तोच सर्वांत फसवा असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतात. आकाश निरभ्र होते, जमिनीत मुरलेली ओल वाफ होऊन हवेत येते आणि ज्याला सर्वजण ऑक्टोबर हीट म्हणतात तो दमट उकाडा सुरू होतो. छायाचित्रांत हिरवागार दिसणारा डोंगर दुपारी अकरानंतर तापतो, सावली नसलेल्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या मुख्य अंगापासून खाली उतरत गेलेल्या धारेवर, घामाने शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात आणि पावसाळ्यात एक लिटर पाण्यात भागलेली वाट आता तीन लिटर मागते. याच काळात दुपारनंतर अचानक ढग भरून येऊन विजांसह पाऊस पडतो. परतीच्या पावसाची ही गडगडाटी सर अर्ध्या तासात ओसरते, पण उघड्या माथ्यावरच्या माणसासाठी ती संपूर्ण ऋतूतील सर्वांत मोठा धोका असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरांच्या आत पडत आहे असे समजावे आणि धार, एकाकी झाड, लोखंडी शिडी व कठडे यांपासून ताबडतोब दूर होऊन सखल जागी उतरावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते निघण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यावे, पण डोंगरात बहुतेक ठिकाणी रेंज नसते हे लक्षात घेऊन आकाशाकडे डोळे ठेवण्याची सवय सोडू नये. या टप्प्यात पहाटे चढाई सुरू करून बारापूर्वी माथा सोडणे हाच खरा उपाय आहे.

तिसरा टप्पा दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि नोव्हेंबरभर टिकतो. हवा कोरडी होते, धूसरपणा निवळतो, गवत सोनेरी पडते आणि दूरची शिखरे स्पष्ट ओळखू येतात. लांब पल्ल्याच्या वाटा, गडावरचे मुक्काम आणि घळींमधील भटकंती यांसाठी हाच काळ राखून ठेवावा. त्याची अडचण एवढीच की दिवस लहान असतो. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पूर्वेकडच्या दरीत त्याआधीच अंधारून येते, त्यामुळे परतीचा हिशेब उन्हाळ्याच्या सवयीने करू नये.

पायाखालची जमीन

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून घडलेल्या बेसाल्ट खडकाचा डोंगर आहे. यांतील काही थर अत्यंत कठीण तर काही मऊ व सच्छिद्र असतात. मऊ थर लवकर झिजून तेथे उताराचे पट्टे तयार होतात आणि कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने शिल्लक राहतात, म्हणून या डोंगरांना पायऱ्यांसारखी रचना आलेली दिसते. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जवळपास प्रत्येक वाटेवर सपाट चालीनंतर एखादा कातळटप्पा येतो, म्हणजे हातांचा आधार घेऊन पार करावयाची उभ्या खडकाची पायरी येते. पावसाळ्यानंतर सावलीतल्या कातळावर शेवाळ आठवडेच्या आठवडे टिकून राहते आणि उन्हात आलेल्या उतारावर मात्र मुरूम सुटा होऊन घसारा तयार होतो. घसारा म्हणजे सुट्या खड्यांचा व मातीचा, पाय ठरू न देणारा उतार. शरदात एकाच वाटेवर हे दोन्ही भेटतात. चढताना घसारा त्रासदायक वाटत नाही, अपघात उतरताना होतात, कारण तेव्हा पाय थकलेले असतात आणि वजन पुढे झुकलेले असते. अशा जागी अंग किंचित आडवे करून, टाच रोवून, लहान पावले टाकत उतरावे. आधारासाठी कारवीची काठी धरायची झाल्यास ती मुळाशी धरावी आणि आधी ओढून पाहावी, कारण वाळलेली कारवी वरून शाबूत दिसली तरी हाताच्या झटक्याने मोडते.

पादत्राणांची निवड याच कारणाने महत्त्वाची ठरते. खोल खाचांचे रबरी तळवे असलेले, घोट्याला आधार देणारे बूट वापरावेत, आणि ते नवे कोरे घेऊन थेट गडावर जाऊ नये. पंधरा दिवस घरच्या आसपास वापरून ते पायाला बसवून घ्यावेत.

कळसूबाई

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेली कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. घोटीहून भंडारद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बारी या गावातून तिची रुळलेली वाट सुरू होते आणि गावापासून माथ्यापर्यंत आठशे मीटरांहून अधिक चढाई करावी लागते. भातखाचरांच्या बांधांवरून जाणारा आरंभीचा भाग सुखद असतो. त्यानंतर चढ सुरू होतो, अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत आणि शेवटची शिडी चढली की देवीचे लहानसे मंदिर असलेला अरुंद माथा लागतो. सामान्य प्रकृतीच्या व्यक्तीने चढण्यास तीन ते चार तास गृहीत धरावेत आणि उतरण्यास दोन-अडीच.

हवेचे तापमान दर हजार मीटरांमागे सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते, त्यामुळे पायथ्यापेक्षा माथा पाच-सहा अंशांनी थंड असतो आणि वारा असेल तर हा फरक आणखी जाणवतो. चढताना घामाने भिजलेले कपडे माथ्यावर अंग गार करतात, म्हणून एक कोरडा सदरा आणि वाराप्रतिबंधक जाकीट पाठपिशवीत असावे. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पश्चिमेकडे अलंग, मदन व कुलंग हे दुर्गत्रिकूट, दक्षिणेकडे भंडारद्याचा जलाशय आणि त्यामागे रतनगड व हरिश्चंद्रगडाच्या रांगा ओळखता येतात. नकाशा सोबत ठेवून ही शिखरे ओळखण्यात अर्धा तास घालवला, तर पुढच्या दोन दिवसांच्या वाटा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. म्हणूनच या परिसरातील सहलीची सुरुवात कळसूबाईने करणे श्रेयस्कर आहे.

नवरात्रात येथे देवीच्या दर्शनासाठी पंचक्रोशीतील भाविक मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी ही चढाई उपासनेचा भाग आहे, याचे भान पर्यटकाने ठेवावे, शिड्यांवर त्यांना आधी वाट द्यावी आणि मंदिराच्या ओट्यावर बूट घालून बसू नये. ज्यांना निवांतपणा हवा आहे त्यांनी नवरात्रातील दिवस आणि शनिवार-रविवार टाळावेत, कारण शिडीवर एका वेळी एकाच दिशेने वाहतूक होऊ शकते आणि गर्दीच्या दिवशी माथ्याखाली रांग लागते. त्या रांगेत दुपारी ढग भरून आले तर लोखंडी शिडीवर अडकून पडण्याची वेळ येते, आणि ही शक्यता काल्पनिक नाही.

भंडारदरा आणि रतनगड

प्रवरा नदीवर ब्रिटिश काळात बांधलेले आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण व त्यामागचा जलाशय हे भंडारद्याचे मुख्य आकर्षण आहे. शेंडी हे येथील मुक्कामाचे गाव असून तेथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद व घाटघर या गावांतून जातो. चढाई न झेपणाऱ्या वडीलधाऱ्यांना सोबत आणलेल्या कुटुंबाने हा फेरा एका दिवसात सावकाश करावा. धरणाखालच्या बाजूचा रंधा धबधबा सप्टेंबरमध्ये भरात असतो आणि पुढे धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून राहतो, तेव्हा नोव्हेंबरमध्ये केवळ त्यासाठी वाट वाकडी करू नये.

रतनवाडीत अमृतेश्वराचे प्राचीन शिवालय आहे. अनेक जण गड गाठण्याच्या घाईत त्याला धावती भेट देतात, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. खांबांवरील व बाह्य भिंतींवरील कोरीव काम, शिखराची रचना आणि जवळची रेखीव पुष्करिणी, म्हणजे दगडी पायऱ्यांनी बांधून काढलेले चौरस कुंड, यांसाठी किमान एक तास द्यावा आणि तो सकाळी द्यावा, कारण तिरप्या उन्हात नक्षीचा उठाव स्पष्ट होतो व दुपारच्या उभ्या उन्हात तोच सपाट दिसतो.

मंदिरापासून रतनगडाची वाट दाट झाडीतून वर जाते. १,२९७ मीटर उंचीच्या या गडावर प्रवरेचा उगम मानला जातो. वाटेच्या शेवटी शिड्या व त्यानंतर गडाचा दरवाजा लागतो आणि माथ्याच्या टोकाला नेढे आहे. नेढे म्हणजे कातळात वारा-पावसाच्या झिजेने आरपार पडलेले भोक, ज्यात माणसे बसू शकतात. नेढ्यात वारा कोंडून जोराने वाहतो, म्हणून तेथे उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. गडावर पाण्याची टाकी, म्हणजे कातळात खोदलेले हौद आहेत; पावसाळ्यानंतर ती भरलेली असतात, तरी सर्वच टाक्यांचे पाणी पिण्याजोगे नसते. कोणते टाके पिण्याचे आहे हे गावातून विचारून घ्यावे, पाणी गाळून व उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकून वापरावे आणि त्या टाक्यात हात-पाय धुण्याचे किंवा भांडी बुचकळण्याचे सर्वथा टाळावे.

सांदण घळ

साम्रद गावाजवळ जमीन एकाएकी दुभंगल्यासारखी होऊन दोन उभ्या कातळभिंतींमधील अरुंद घळ सुरू होते व ती पुढे कोकणाच्या दिशेने खाली उतरत जाते. भिंती इतक्या उंच आणि एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की तळाच्या काही भागांत ऊन पोहोचतच नाही. घळीच्या तळाशी मोठाल्या दरडींचा खच पडलेला असून आरंभीच पाण्याचे डोह लागतात, ज्यांची खोली पाऊसमानानुसार बदलते.

या ठिकाणाविषयी सौम्य भाषा वापरणे योग्य होणार नाही. घळ म्हणजे भोवतालच्या डोंगरांचे पाणी वाहून नेणारा मार्गच होय; वर कोठे तरी पडलेल्या सरीचे पाणी खाली ऊन असतानाही लोंढ्याने येऊ शकते आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्यामुळे बाजूला होण्यास जागा मिळत नाही. त्यामुळे परतीचा पाऊस पूर्ण थांबून पंधरा दिवस कोरडे गेल्याशिवाय, म्हणजे व्यवहारात नोव्हेंबरच्या मध्याआधी, सांदणचा बेत आखू नये. त्यानंतरही आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा आकाशात ढग असतील, तर बेत रद्द करावा. साम्रदमधील वाटाड्या न घेता आत जाऊ नये. घळीचा आरंभीचा भाग पाहून आल्या वाटेने परतणे हे सर्वसाधारण पर्यटकाचे उद्दिष्ट असावे. पुढचे टप्पे दोराच्या साहाय्याने उतरावे लागतात आणि एकदा उतरल्यावर मागे फिरणे अवघड होते, म्हणून ते प्रशिक्षित नेत्याबरोबर व योग्य साधनांसहच करावेत. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी त्यात अपेक्षित आहे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाकडे नोंदणी, विमा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आहे का, हे विचारण्यात संकोच मानू नये.

हरिश्चंद्रगड

या पट्ट्यातील सर्वांत समृद्ध स्थळ हरिश्चंद्रगड आहे आणि त्यासाठी एक पूर्ण दिवस व शक्य असल्यास एक रात्र राखून ठेवावी. गडावर जाणाऱ्या अनेक वाटांपैकी राजूरमार्गे गाठता येणाऱ्या पाचनई गावातून निघणारी वाट सर्वांत कमी श्रमाची असून दोन-अडीच तासांत मंदिरापाशी पोहोचवते. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वराहून टोलार खिंडीतून येणारी वाट अधिक लांब आहे, आणि कोकणातून थेट चढणारी नळीची वाट केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी आहे. नळी किंवा नाळ म्हणजे दोन कड्यांमधील दगडगोट्यांनी भरलेली अरुंद, तीव्र चढाची घळ. वरच्या माणसाच्या पायाने निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येण्याचा धोका तेथे सतत असतो.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ केदारेश्वराची गुहा आहे. गुहेच्या मध्यभागी मोठे शिवलिंग असून त्याभोवती बर्फासारखे थंड पाणी भरलेले असते. शिवलिंगाच्या चार कोपऱ्यांवरील खांबांपैकी आज एकच अखंड उभा आहे. या चार खांबांचा संबंध लोकपरंपरेने चार युगांशी जोडला आहे. प्रदक्षिणा घालण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्यांनी घामेजलेल्या अंगाने एकदम उतरू नये आणि साबण, निर्माल्य किंवा प्लॅस्टिक तेथे सोडू नये.

कोकणकडा हे गडाचे सर्वांत ख्यातनाम स्थान आहे. हा पश्चिमाभिमुख कडा केवळ सरळसोट नाही, त्याचे पोट आत गेलेले आहे; कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली काही अंतरावर खडकच नाही, हे वरून दिसत नाही. शरदात काठावरचे गवत वाळून निसरडे झालेले असते, खालून वर येणारा वारा एकाएकी झोत घेतो आणि सूर्यास्ताच्या वेळी गर्दी काठाकडे सरकते. काठापासून किमान चार-पाच पावले मागे थांबावे, दरी पाहायची असल्यास पोटावर झोपून व दुसऱ्याने पाय धरले असताना पाहावी, आणि लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नये.

या कड्यावर क्वचित दिसणारे इंद्रवज्र ही शरदातील भटकंतीची विलक्षण देणगी आहे. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि फार वर न आलेला असावा लागतो, तर समोर त्याच्या पातळीखाली धुके असावे लागते. अशा वेळी पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते आणि सावलीतील डोक्याभोवती रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटते. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे तयार होते आणि आकाशात विस्तीर्ण पसरते. इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, प्रकाश जवळजवळ आल्या दिशेने परत फिरल्याने घडते आणि म्हणून ते लहान व पूर्ण वर्तुळाकार दिसते. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला ते वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी या गडावरील अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद १८३५ साली प्रसिद्ध केली होती. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने हे दृश्य येथे सकाळीच संभवते, आणि पावसाळा संपता संपता कोकणातून धुके वर चढते त्या दिवसांत त्याची शक्यता अधिक असते. बहुतेक पर्यटक सूर्यास्तासाठी कोकणकड्यावर येतात व सकाळी उशिरा उठून परततात. ऑक्टोबरच्या आरंभी गडावर मुक्काम असेल तर त्यांनी नेमके उलट करून पाहावे.

मधमाश्या आणि साप

पावसाळा संपला की आग्या मधमाश्या कड्यांच्या छताखाली व मोठ्या झाडांवर पोळी बांधू लागतात. ही मधमाशी आकाराने मोठी असून डिवचली गेल्यास शेकडोंच्या संख्येने दूरवर पाठलाग करते. उग्र सुगंधी द्रव्ये, शेकोटीचा धूर, फटाके, मोठ्याने वाजणारे संगीत आणि पोळ्याच्या दिशेने मारलेला दगड ही हल्ल्याची नेहमीची कारणे होत. हल्ला झाल्यास हात झाडत उभे न राहता तोंड व मान कपड्याने झाकून शक्य तितक्या दूर, दाट झुडपात किंवा बंदिस्त जागेत जावे. कड्याजवळ असल्यास मात्र धावू नये, कारण अशा प्रसंगी माश्यांपेक्षा दरी अधिक घातक ठरते. रुतलेले काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने त्वरित खरवडून काढावेत आणि अनेक डंख झालेल्या, श्वास अडखळणाऱ्या किंवा चेहरा सुजलेल्या व्यक्तीला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

सापांविषयीची भीती अवाजवी असली तरी दक्षता हवी. वाळके गवत, दगडांच्या सांदी आणि भातखाचरांचे बांध ही फुरसे, घोणस व नाग यांची जागा आहे. न दिसणाऱ्या ठिकाणी हात घालू नये आणि अंधारात विजेरीशिवाय चालू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू नये. अंगठ्या-कडी काढून, तो अवयव काठी बांधून स्थिर ठेवून, रुग्णाला न चालवता झोळीतून खाली आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून प्रतिविष उपलब्ध असलेले शासकीय रुग्णालय गाठावे.

मुक्काम आणि गावाशी वागणूक

हा सारा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात मोडतो. प्रवेशशुल्काच्या पावत्या जपून ठेवाव्यात, तंबू ठोकण्याविषयीचे त्या त्या वेळचे नियम वनविभागाच्या चौकीवर विचारून घ्यावेत आणि जंगलात शेकोटी पेटवू नये. नोव्हेंबरचे गवत एका ठिणगीने पेट घेते व संपूर्ण उतार जळून जातो.

मुक्कामासाठी गावातील घरे निवडणे हा सर्वांत चांगला पर्याय आहे. येथील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे पर्यटकांची जेवणाची व निवाऱ्याची सोय करतात, आणि नाचणीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा असे गरम जेवण दिवसभराच्या चालीनंतर जितके रुचते तितके डब्यातले तयार खाणे रुचत नाही. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जतन केले व त्यासाठी त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले, तो हाच अकोले तालुका आहे. घरच्या तांदळाविषयी, नाचणी-वरईविषयी आस्थेने विचारल्यास यजमान मोकळेपणाने बोलतात. मात्र आगाऊ कळवल्याशिवाय वीस जणांचा गट जेवायला दारात उभा करू नये आणि ठरलेल्या दरावर जाताना घासाघीस करू नये. वाटाड्याला दिलेली मजुरी हा सहलीचा खर्च मानावा, त्यात बचत शोधू नये.

शरद हा येथे भातकापणीचाही हंगाम आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाचरांतील पीक उभे असते किंवा कापून पसरलेले असते, आणि बांधावरून जाण्याऐवजी जवळची वाट म्हणून शेतातून तुडवत गेलेल्या गटामुळे कुटुंबाच्या वर्षाच्या धान्याचे नुकसान होते. गावाच्या आसपास रस्त्याच्या कडेलाही भात किंवा नाचणी वाळत घातलेली असते, तेव्हा वाहन हळू चालवावे आणि गाडी लावताना खळ्याची, म्हणजे मळणीसाठी चोपून तयार केलेल्या अंगणाची जागा सोडावी.

मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरी-घोटीमार्गे आणि पुण्याकडून येणाऱ्यांनी संगमनेर-अकोले-राजूर मार्गे यावे. रेल्वेने इगतपुरी गाठून पुढे घोटीहून एसटी किंवा सामायिक जीप मिळते, परंतु साम्रद, रतनवाडी आणि पाचनईकडील फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ गावात उतरताच वाहकाला विचारून घ्यावी आणि गडावरून उतरण्याची वेळ तिच्या किमान दोन तास आधीची ठरवावी. घरच्यांकडे किंवा मुक्कामाच्या घरी वाटेचे नाव, गटातील माणसांची संख्या आणि परतण्याची अपेक्षित वेळ लिहून ठेवावी, आणि डोंगरात वाट बदलल्यास शक्य तेथून निरोप पाठवावा, म्हणजे शोध घेण्याची वेळ आलीच तर तो योग्य दरीत सुरू होतो.